रबरी बेडूक आणि मांजरेतली मरळ

मऊ प्लास्टिकचे आमिष म्हणजे व्हिनाइल वितळवून साच्यात ओतलेली अळी, बेडूक किंवा बोटभर मासोळी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अॅक्रन शहरी, निक क्रीम यांनी १९४९ मध्ये अशी प्लास्टिकची गांडुळे तयार केली. ती होती तिथल्या बास माशासाठी. मांजरा-गोदावरीच्या पाण्यात बास नाही. पण त्याच्याच सवयींचा शिकारी आहे, मरळ. दोघांचे कूळ वेगळे, शिकारीची रीत मात्र एक. पाणवनस्पतींच्या आडोशाला निपचित थांबायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालायची. म्हणूनच बाससाठी निघालेले आमिष मरळीलाही चालते. शेजारच्या तेलंगणात मरळ हा राज्यमासा असून तेलुगूत त्याला कोर्रमीनू म्हणतात.

मांजरा नदी बिलोली तालुक्याच्या कडेने वाहत जाऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. गोदावरीवर, धर्माबाद तालुक्यात, बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात. त्या काळात पाणी गढूळ आणि वाहते असते. दारे बंद झाल्यावर ते ठरते, निवळते. मरळीला हवे असते असेच संथ, उथळ, गवताने भरलेले पाणी. भर प्रवाहात ती फारशी थांबत नाही. गावतलाव आणि जुने डोहही तिच्या आवडीचे, मात्र अनेक तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तिथे गळ टाकण्याआधी परवानगी घ्यावी लागते.

दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. पाणी शांत असताना काठावर बसून नुसते ऐकावे. मोठ्या मरळीला केवळ कल्ल्यांवर भागत नाही, काही मिनिटांनी वर येऊन हवा घ्यावीच लागते. जाळ्यात पाण्याखाली अडकली तर ती गुदमरून मरते. हवा घेताना पाण्यावर हलकासा बुडबुडा उठतो, वर्तुळ पसरते. गळकऱ्याला तिचा ठाव कळतो तो यावरून.

रबरी बेडूक त्या जागेच्या थोडा पलीकडे टाकतात आणि गवतावरून टणाटण उड्या मारत आणतात. मधेच थांबवतात. झडप बहुधा त्या थांब्यावरच पडते. बेडकाचे दोन्ही गळ वरच्या बाजूला, पाठीला चिकटून असतात, म्हणून ते गवतात अडकत नाहीत. प्लास्टिकच्या अळीत हेच काम निराळ्या रीतीने साधते. दोरीत गोळीच्या आकाराचे भोकाचे शिसे ओवायचे, गळाचे टोक अळीच्या डोक्यातून घालून बाहेर काढायचे आणि उलटे फिरवून पुन्हा अंगात दडवायचे. माशाने जबडा मिटला की मऊ अंग दबते आणि टोक बाहेर येते. या कलेतली खरी हुशारी इथे आहे. लाकडी आमिष दाताला कठीण लागते आणि मासा ते लगेच थुंकतो. मऊ आमिष तो क्षणभर जास्त धरून ठेवतो.

पाणी उसळले की हात आपोआप झटका देतो, आणि बेडूक रिकामा परत येतो. दोरी ताणली जाईपर्यंत थांबायला शिकणे हेच नवशिक्याला सर्वांत जड जाते. मरळीचा जबडा हाडाचा असल्यामुळे काठी ताठ आणि दोरी विणलेली, न लांबणारी लागते. तिला गवतात शिरू दिले की ती हातची गेलीच.

उन्हे चढल्यावर मरळ सावलीला जाते. बिलोलीच्या उन्हाळ्यात दुपारी आमिष उड्या मारत आणण्यात अर्थ नसतो. त्यापेक्षा शिसे लावलेली अळी गवताच्या कडेने तळाशी सोडून हळूहळू ओढावी. ऊन कलले की बेडूक पुन्हा कामाला येतो.

पावसाळ्यात काठाजवळ तांबूस पिल्लांचा थवा हलताना दिसतो, खाली नर-मादी राखण करत असतात. थव्यात आमिष टाकले तर ती भुकेने नव्हे, पिल्लांपायी धावून येतात. ही शिकार सोपी, पण ती करू नये, कारण राखणदार गेले की इतर मासे थवा फस्त करतात. फाटलेली अळीही पाण्यात टाकू नये. व्हिनाइल कुजत नाही, माशाने गिळले तर पोटात अडकते. तुकडे खिशात घालून घरी न्यावेत.