पोट भरणे आणि पोषण होणे

(जनावरांच्या आहाराविषयी काही महत्त्वाचे शब्द आणि कल्पना या पाठात समजावून सांगितल्या आहेत. यांतले बरेच शब्द तुम्ही घरी, शेतात किंवा बाजारात ऐकले असतील. पाठ वाचताना त्यांचे नेमके अर्थ लक्षात घ्या.)

बकरी ईद जवळ आली की शहरांतल्या गल्ल्यांत बोकड दिसू लागतात. मुलांना फार आनंद होतो. कोणी बोकडाला गहू खाऊ घालतो, कोणी मका, कोणी चपाती, तर कोणी रात्रीचा उरलेला भात. बोकडही आवडीने खातो. पण कधी कधी दुसऱ्याच दिवशी तो खाणे सोडतो, दात खातो, त्याचे पोट फुगते आणि तो आडवा होतो. पोळ्याच्या सणाला बैलांच्या बाबतीतही असे घडते. वर्षभर राबणाऱ्या बैलाला शेतकरी प्रेमाने पुरणपोळ्या चारतो आणि रात्री पशुवैद्याला बोलावण्याची वेळ येते. गहू चांगला होता, पुरणपोळी ताजी होती, देणाऱ्याच्या मनात माया होती. मग जनावर आजारी का पडले?

याचे उत्तर जनावराच्या पोटात आहे.

गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे आहेत. गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळणे म्हणजे रवंथ करणे. उर्दूत आपण याला जुगाली म्हणतो. या जनावरांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यानंतर जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटी खरे पोट. आपल्या जठरासारखे काम करणारा कप्पा हा चौथा. पूर्ण वाढलेल्या मोठ्या गाईच्या कोटीपोटात १०० लिटरहून अधिक चारा-पाणी मावते.

कोटीपोट म्हणजे चारा आंबवण्याची एक मोठी टाकीच असते. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्मजीव राहतात. गवतात आणि कडब्यात जे चिवट तंतू असतात, ते जनावराच्या स्वतःच्या पाचकरसांनी पचत नाहीत. हे काम सूक्ष्मजीव करतात. ते तंतू आंबवतात आणि त्यातून सौम्य आम्ले तयार होतात. ही आम्ले रक्तात मिसळतात आणि जनावराला त्यांच्यापासून शक्ती मिळते. पुढे हेच सूक्ष्मजीव चाऱ्याबरोबर चौथ्या कप्प्यात जातात, तेथे पचतात आणि त्यांच्यापासून जनावराला प्रथिनेही मिळतात. म्हणून असे म्हणता येईल की, आपण गाईला चारा घालतो तेव्हा आधी तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना जेवू घालत असतो.

आता जनावरांच्या अन्नाचे प्रकार पाहू. त्याचे दोन मोठे भाग पडतात. पहिला भाग वैरणीचा. वैरण म्हणजे चारा. मका, लसूणघास, गवत ही हिरवी वैरण. ज्वारीचा कडबा, गव्हाचा भुसा, वाळलेले गवत ही सुकी वैरण. हिरव्या मक्याची कुट्टी करून ती हवा लागणार नाही अशी दाबून ठेवली की मुरघास तयार होतो. तो उन्हाळ्यात उपयोगी पडतो. दुसरा भाग खुराकाचा. हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. धान्याचा भरडा, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा, तुरीची चुनी हे सर्व खुराकात मोडते. खेड्यांत दूध काढताना जनावरापुढे ठेवतात त्या खुराकाला आंबोण असेही म्हणतात. ज्या खाद्याच्या कोरड्या वजनात शेकडा १८ पेक्षा अधिक तंतू असतात ती वैरण, आणि त्याहून कमी असतात तो खुराक, असा शास्त्रीय नियम आहे.

दुसरी कल्पना शुष्क पदार्थाची. खाद्यातले सगळे पाणी काढून टाकल्यावर जे उरते, त्याला शुष्क पदार्थ म्हणतात. दहा किलो हिरव्या मक्यात सुमारे आठ किलो पाणी असते. शुष्क पदार्थ भरतो दोनच किलो. दहा किलो कडब्यात मात्र तो नऊ किलोच्या आसपास असतो. म्हणून हिरव्या चाऱ्याचा भारा मोठा दिसला तरी त्यात जनावराला किती मिळाले, हे शुष्क पदार्थावरूनच ठरवावे लागते. म्हशीला दिवसाकाठी तिच्या वजनाच्या शेकडा अडीच ते तीन इतका शुष्क पदार्थ लागतो. शेळीला तिच्या वजनाच्या मानाने थोडा अधिक लागतो.

शुष्क पदार्थात काय काय असते? त्यात पिष्टमय पदार्थ, तंतू, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि खनिजे असतात. खाद्य तपासून त्याचे असे भाग पाडण्याची पद्धत १८६० च्या सुमारास जर्मनीत हेनेबर्ग आणि श्टोमान या शास्त्रज्ञांनी बसवली. पुढे १८८३ मध्ये डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी खाद्यातला नायट्रोजन मोजण्याची सोपी रीत शोधली. प्रथिनांत साधारणपणे शेकडा १६ भाग नायट्रोजन असतो. म्हणून मोजलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा अंदाज मिळतो. हा अंदाजच असल्यामुळे त्याला कच्ची प्रथिने म्हणतात. कडब्यात कच्ची प्रथिने शेकडा तीन-चारच असतात, मक्याच्या दाण्यात नऊच्या आसपास, तर शेंगदाणा पेंडीत चाळीसहून अधिक. नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या म्हशीचे पोट भरते, पण दूध आटते आणि फासळ्या दिसू लागतात. त्याचे कारण आता तुमच्या लक्षात येईल.

जनावराला चोवीस तासांसाठी जे आणि जितके खाद्य द्यायचे, त्याला त्याचा रोजचा आहार म्हणतात. त्यातून सर्व घटक गरजेइतके मिळाले, तर तो समतोल आहार होतो. आहाराचा एक हिस्सा जनावराचे शरीर टिकवण्यासाठी खर्च होतो, तर दुसरा हिस्सा दूध, वाढ, गाभण अवस्था किंवा काम यांसाठी लागतो. एक उदाहरण घेऊ. म्हशीचे वजन ४०० किलो आहे आणि ती रोज सहा लिटर दूध देते. शेकडा तीनप्रमाणे तिला १२ किलो शुष्क पदार्थ हवा. शरीर टिकवण्यासाठी दोन किलो खुराक आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे खुराक झाला पाच किलो. त्यातून साडेचार किलो शुष्क पदार्थ मिळतो. पंधरा किलो हिरव्या चाऱ्यातून तीन किलो आणि पाच किलो कडब्यातून साडेचार किलो मिळतो. एकूण बेरीज बारा किलो होते. वहीत हा हिशेब करून पाहा.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. कोटीपोटातले सूक्ष्मजीव निरनिराळ्या जातींचे असतात. काही तंतूंवर जगतात, काही पिष्टमय पदार्थांवर. रोज पाला खाणाऱ्या बोकडाच्या पोटात तंतू पचवणारे अधिक असतात. त्याला एकदम पोटभर गहू किंवा भात दिला की पिष्ट आंबवणारे जीवाणू झपाट्याने वाढतात आणि तीव्र असे लॅक्टिक आम्ल तयार करतात. चारा चघळताना जनावराच्या तोंडात पुष्कळ लाळ सुटते. ती क्षारयुक्त असल्याने पोटातली आम्लता एरवी आटोक्यात राहते. पण मऊ भाताला चघळावे लागत नाही, त्यामुळे लाळही कमी सुटते. आम्लता वाढली की उपयोगी सूक्ष्मजीव मरतात, कोटीपोटाची हालचाल थांबते, शरीरातले पाणी पोटात ओढले जाते आणि आंबट वासाची पातळ हगवण लागते. आजार तीव्र असेल तर एक-दोन दिवसांत जनावर दगावते. या आजाराला पोटातील आम्लविषबाधा म्हणतात.

अशी लक्षणे दिसली, तर खुराक ताबडतोब बंद करावा आणि पशुवैद्याला बोलवावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये. घरच्या घरी तोंडात जबरदस्तीने तेल किंवा औषध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन जनावर गुदमरू शकते.

यावरून एक साधा नियम निघतो. जनावराचे खाद्य कधीही एकाएकी बदलू नये. नवे खाद्य थोडे थोडे वाढवत दहा ते पंधरा दिवसांत पुरते बदलावे. बाजारातून बोकड आणला की तो काय खात होता, हे विकणाऱ्याला आधी विचारावे. पहिले काही दिवस तेच खाद्य चालू ठेवावे. तीस किलोच्या बोकडाला दिवसभरात दोन किलो हिरवा पाला, अर्धा किलो सुका चारा आणि सुमारे दीडशे ग्रॅम खुराक पुरतो. हा खुराकही दोन वेळा विभागून द्यावा. घरात भाऊ-बहिणी अनेक असतील, तर खाऊ घालण्याचे काम एकानेच पाहावे. प्रत्येकाने मूठमूठ धान्य दिले तरी त्याचे शेर होतात.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पाणी हा आहाराचाच भाग आहे. दूध देणाऱ्या जनावराला तर ते भरपूर लागते. मीठ आणि खनिज मिश्रणही थोड्या प्रमाणात रोज हवे. दुधातून रोज कॅल्शियम आणि फॉस्फरस बाहेर पडतात. त्यांची भरपाई झाली नाही तर जनावर अशक्त होते. प्रत्येक हिरवा चारा निर्धोक असतो, असेही नाही. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत विषारी द्रव्य तयार होते. ती खाल्ल्याने जनावर काही मिनिटांतही मरू शकते. शेतकरी याला किराळ लागणे म्हणतात. म्हणून ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच कापून घालतात.

पशुखाद्याच्या पोत्यावर कच्ची प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू यांचे आकडे छापलेले असतात. आता तुम्ही ते वाचू शकाल. घरी म्हैस किंवा शेळ्या असतील, तर वडीलधाऱ्यांना ते वाचून दाखवा आणि पोत्याच्या भावाबरोबर हे आकडेही ताडून पाहा. मुके जनावर आपल्याला काय कमी पडते आणि काय जास्त झाले, हे बोलून सांगू शकत नाही. समोर ठेवलेले ते खाते. त्याच्यासमोर काय आणि किती ठेवायचे, याची जबाबदारी मात्र आपल्यावर असते.

स्वाध्याय

१. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या चार कप्प्यांची नावे लिहा.
२. वैरण आणि खुराक यांतील फरक दोन-दोन उदाहरणे देऊन सांगा.
३. कारणे लिहा : (अ) नुसत्या कडब्यावर म्हशीचे दूध आटते. (आ) जनावराचे खाद्य एकाएकी बदलू नये.
४. चार लिटर दूध देणाऱ्या म्हशीला रोज किती खुराक लागेल? पाठातील हिशेबावरून काढा.
५. तुमच्या परिसरातील जनावर पाळणाऱ्या एखाद्या व्यक्तीला भेटा. ती जनावरांना काय काय खाऊ घालते, याविषयी मराठीत आठ ते दहा वाक्ये लिहा.