विद्यापीठातील संशोधनाची नोकरी : पैसा कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा

मुलाने एम.ए. किंवा एम.एस्सी. केले की आपल्या व्यापारी घरांत एकच विचारणा होते : दुकानावर बसणार की नोकरी शोधणार? विद्यापीठात संशोधन करण्याचाही दरमहा पगार मिळतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

कापडाचेच पाहा. जुने लोक जिला अजून यूडीसीटी म्हणतात, ती माटुंग्याची संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. २००८ पासून ती इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. कापडाचे रसायनशास्त्र हा तेथील अगदी पहिल्या विषयांपैकी एक. सुतावर रंग पक्का कसा बसावा, रंगाईचे पाणी साफ कसे करावे, आपले प्रोसेसवाले ज्यापायी डोके धरून बसतात त्याच या गोष्टी. त्यांवर काम करायला शिकलेली मुले लागतात, आणि रंगाऱ्याच्या घरातला मुलगा त्यातले निम्मे घरीच पाहिलेला असतो.

पण या नोकऱ्या दोन तऱ्हेच्या आहेत. व्यापाऱ्याला हा फरक चटकन कळेल. एक म्हणजे स्वतःच्या सुतावर साचे चालवणे, दुसरी म्हणजे मजुरीचे काम.

पहिली फेलोशिप. ही नेट परीक्षेतून मिळते. वाणिज्य, उर्दू, अरबी यांसाठी यूजीसीची, विज्ञानासाठी सीएसआयआरची. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, एकूण पाच वर्षे. वसतिगृह नसेल तर घरभाडे वेगळे. हा पैसा उमेदवाराच्या नावावर असतो.

दुसरी प्रोजेक्टची नोकरी. येथे सूत शेटचे! पैसा प्राध्यापकाच्या प्रकल्पासाठी आलेला असतो. जाहिरात निघते, मुलाखत होते, नेमणूक बहुधा वर्षावर्षाच्या कराराने. प्रकल्प संपला की साचे बंद. म्हणून रुजू होण्याआधी विचारावे : प्रकल्पाचे किती महिने उरलेत? पीएच.डी.ला नाव नोंदता येईल का? फेलोशिपचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, ही ओरड तर देशभर आहे. थोडी पुंजी घरी असावी.

अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून नव्या उमेदवारांना बंद झाली. तिचा फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नये.

नेट वर्षातून दोनदा होते. उर्दूचा पेपर उर्दूतच असतो, पण सर्वांना सामाईक असलेला पहिला पेपर हिंदी-इंग्रजीत येतो. आपली उर्दू माध्यमाची हुशार मुले तेथेच मार खातात. तयारी त्याची करावी.

यूजीसीच्या फेलोशिपला वयाची अट ३० वर्षे. महिलांना व ओबीसींना पाच वर्षांची सूट. आपली बिरादरी केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर नॉन-क्रीमिलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा. राज्याच्या नमुन्यातला दाखला येथे कामाचा नाही, आणि तहसील कचेरीत खेटे घालायला वेळ लागतो.

मुलींच्या बापांसाठी आणखी एक. निकाह झाला म्हणून संशोधन सुटत नाही. पीएच.डी.च्या काळात बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, आणि प्रबंध पुरा करायला महिलांना दोन वर्षे जास्तही मिळू शकतात.