टर्बोच्या पाइपात तेल दिसलं म्हणजे टर्बो गेला?

एअर फिल्टरकडून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या पाइपात तेलाचा ओलावा सापडला, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा टर्बोलाच दोषी धरलं जातं. टर्बो उतरवला जातो, त्यात किट टाकलं जातं किंवा नवाच बसवला जातो. गाडी उभी राहते, भाडं बुडतं आणि काही आठवड्यांत पाइप पुन्हा ओला होतो. हप्त्यावर ट्रक घेतलेल्या मालकाला असा फुकटचा खर्च सोसत नाही. तेल कुठून आलं आणि कोणत्या दाबामुळे आलं, हे न शोधता पार्ट बदलल्यामुळे हे घडतं. म्हणून या विषयातले रूढ गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

आधी तेल कोणत्या वाटेने येतं ते पाहू. इंजिनात जादा हवा दाबून भरण्याचे दोन मार्ग आहेत. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, तर सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर किंवा गिअरवर चालतो. आपल्याकडच्या मालवाहू डिझेल ट्रकना टर्बो असतो. अमेरिकेत १९९९ ते २००४ या काळात निघालेला फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग किंवा अलीकडचा ६.२ लिटरचा रॅम टीआरएक्स या पेट्रोल पिकअप ट्रकना सुपरचार्जर असतो. तेल मात्र दोन्हीकडे बहुतांशी एकाच ठिकाणाहून येतं. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. तिथे उडणाऱ्या तेलाचे अतिसूक्ष्म कण सोबत घेऊन हा वायू ब्रीदरमधून बाहेर पडतो. ब्रीदरचा पाइप हवेच्या पाइपला जोडलेला असला, की ते कण टर्बो, इंटरकूलर असे पुढे पुढे जातात.

गैरसमज १ : पाइप ओला, म्हणजे टर्बोचं सील फुटलं.

वस्तुस्थिती : ब्रीदर हवेच्या पाइपला जोडलेल्या इंजिनात तेलाचा पातळ थर दिसणं स्वाभाविक आहे. काळजी करायची ती तेल साचू लागलं, ओघळू लागलं किंवा डिपस्टिकवरची पातळी भराभर उतरू लागली तर.

टर्बोचं सील रबराचं नसतं. मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणाऱ्या शाफ्टवर रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टनच्या रिंगेसारखी धातूची बारीक रिंग असते आणि तेल अडवण्याचं बरंचसं काम दोन्ही बाजूंच्या हवेचा व धुराचा दाब करतो. हा तोल बिघडला की शाबूत टर्बोसुद्धा तेल टाकतो. तोल तीन प्रकारे बिघडतो : एअर फिल्टर चोक झाल्याने टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते, टर्बोतून तेल खाली नेणारा परतीचा पाइप तुंबतो किंवा क्रँककेसमध्येच दाब वाढतो. परतीच्या पाइपात तेल केवळ स्वतःच्या वजनाने उतरतं. तो वाकला, चेपला किंवा गॅस्केटला थापलेलं सिलिकॉन आत फुगून त्याचं तोंड अरुंद झालं, तर तेलाला सीलमधूनच वाट काढावी लागते. यांपैकी एखादं कारण कायम असेल तर नवा टर्बोही तेल टाकणारच.

दोष कुठला हे ओळखायची पहिली खूण सोपी आहे. टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाचा पाइप काढून पाहा. टर्बोच्या आधीच ओल असेल तर तेल ब्रीदरमधून आलं आहे, आणि जुन्या ट्रकवर ऑइल बाथ फिल्टर असेल तर कदाचित तिथूनही. आधी कोरडं आणि नंतर ओलं असेल, तर टर्बोवर संशय घ्यायला जागा आहे. शाफ्ट आडवा किंचित हलला म्हणून घाबरू नका, कारण तो तेलाच्या थरावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये फिरतो. पुढे-मागे हाताला जाणवेल इतका प्ले असेल किंवा चाकाची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र टर्बो खरोखर संपला.

हवेच्या वाटेत तेल येणं हे नव्या इंजिनांचंच दुखणं आहे, असंही नाही. डेट्रॉइट डिझेलची ७१ मालिका १९३८ साली आली. त्या टू-स्ट्रोक इंजिनांत रूट्स ब्लोअर, म्हणजे एक प्रकारचा सुपरचार्जर, हवा दाबत असे. दाबलेल्या हवेच्या कप्प्यात तेल आणि ओल साचणार, हे आरेखकांनी गृहीत धरलं होतं आणि ते बाहेर पडावं म्हणून त्या कप्प्याला निचऱ्याच्या नळ्या दिल्या होत्या.

गैरसमज २ : एअर फिल्टर धुळीसाठी असतो, तेलाशी त्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : सगळ्यात स्वस्तात थांबणारी गळती इथलीच आहे. ५.९ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमवर दर दोन फेऱ्यांत एकदा हवा भरतं. टर्बो नसता तरी मिनिटाला सुमारे ५,९०० लिटर हवा लागली असती. टर्बोने वातावरणाइतका जादा दाब (बूस्ट) दिला, की हा आकडा जवळपास दुप्पट होतो. एवढी हवा चोक झालेल्या फिल्टरमधून ओढायची म्हणजे पाइपात मोठी ओढ तयार होते. ती ब्रीदरमधून आणि टर्बोच्या सीलमधून तेल खेचून घेते.

ऊसवाहतूक, खडीच्या खाणी आणि रस्त्यांची कामं यांवर चालणाऱ्या गाड्यांचा फिल्टर किलोमीटर मोजून बदलणं पुरत नाही. फिल्टरच्या डब्यावरचा इंडिकेटर लाल झाला का, हे पाहावं लागतं. जोरदार हवेच्या झोताने कागदी फिल्टर साफ करताना त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडू शकतात. मग धूळ थेट आत जाते, टर्बोची पाती आणि इंजिनाच्या रिंगा झिजवते आणि रिंगा झिजल्या की ब्लो-बाय वाढतो. आतला छोटा सेफ्टी फिल्टर तर साफ करायचाच नसतो, तो बदलायचाच असतो.

गैरसमज ३ : तेल थोडं जास्त असलेलं बरं.

वस्तुस्थिती : वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरलं, तर क्रँकशाफ्ट त्यात बुडून ते घुसळतो. तेल फेसाळतं, कणांचं धुकं दाट होतं आणि ब्रीदरमधून जास्त तेल बाहेर पडतं. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून तेल खाली उतरायला वेळ दिल्यावरच पाहावी. उतारावर उभ्या ट्रकचा आकडा फसवतो.

गैरसमज ४ : जाड तेल टाकलं की इंजिनाचं तेल ओढणं कमी होतं.

वस्तुस्थिती : जाडी आणि वाफ होण्याचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलाचा किती भाग उडून जातो, हे नोआक चाचणीत मोजतात. तीत तेल २५० अंश सेल्सिअसला एक तास तापवतात आणि वजन किती घटलं ते पाहतात. सीके-४ दर्जाच्या डिझेल तेलात ही घट १३ टक्क्यांच्या आत असावी लागते. म्हणून कंपनीने सांगितलेली ग्रेड आणि दर्जा दोन्ही पाळावेत. बीएस-६ गाडीत तर चुकीच्या तेलाची राख धुराच्या फिल्टरमध्ये साचते, त्यामुळे स्वस्त डब्याची बचत महागात पडते.

गैरसमज ५ : ब्रीदरचा पाइप काढून खाली सोडला, की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : हवेचा पाइप कोरडा होईल, पण आजार तसाच राहील. पूर्वी बहुतेक गाड्यांचे ब्रीदर रस्त्यावर मोकळे सोडलेले असत. हा वायू हवा बिघडवतो हे लक्षात आल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातून तो परत इंजिनात नेण्याची पद्धत रूढ होत गेली. टर्बो असलेल्या अवजड डिझेल इंजिनांना अमेरिकेत यातून सूट होती, ती २००७ च्या नियमांनी काढून घेतली. भारतात बीएस-६ मानकं १ एप्रिल २०२० पासून लागू आहेत. अशा गाडीची मूळ रचना बदलली तर वॉरंटीला मुकावं लागू शकतं आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही प्रश्न येतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, रस्त्यावर ठिबकणारं तेल पावसाळ्यात घाटातल्या वळणावर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला पाडू शकतं. गरम सायलेन्सरवर पडलं तर आग लागू शकते.

गैरसमज ६ : कोणतंही कॅच कॅन लावलं की झालं.

वस्तुस्थिती : कॅच कॅन म्हणजे ब्रीदरच्या वाटेत तेल अडवायला लावलेला डबा. तो आतून रिकामा असेल, तर फक्त मोठे थेंब अडवतो. सूक्ष्म कण वायूबरोबर वळतात आणि पलीकडून निघून जातात. आत जाळी आणि पडदे असतील, वायू त्यांवर आदळून थंड होत असेल, तरच तेल वेगळं होतं. डब्यात तेलासोबत पाणीही जमतं. तो वेळेवर रिकामा केला नाही, तर साचलेलं सगळं एकदम इंजिनात जाऊ शकतं. बारीक नळ्या वापरल्या, तर क्रँककेसचा दाब वाढून तेल भलत्याच सीलमधून बाहेर येतं.

अनेक आधुनिक ट्रक इंजिनांत वायूतून तेल वेगळं करणारा विलगक कारखान्यातूनच येतो. काहींत बदलायचा फिल्टर असतो. तो तुंबला की दाब वाढतो आणि दोष पुन्हा टर्बोवर जातो, म्हणून त्याची मुदत पाळणं गरजेचं आहे. काही इंजिनांत वेगाने फिरणाऱ्या चकत्यांचा अल्फडेक्ससारखा विलगक असतो. गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ मध्ये दुधातून मलई काढायचं यंत्र केलं, तेच तत्त्व इथे आहे. डेअरीतलं यंत्र फिरवून मलई वेगळी काढतं, तसा हा विलगक वायूतून तेल वेगळं काढतो.

सुपरचार्जर असलेल्या पेट्रोल पिकअपमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हलक्या भारावर क्रँककेसमधला वायू त्याला परत इंजिनात सोडणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून सरळ मॅनिफोल्डच्या ओढीकडे जातो. बूस्ट चढला की तो व्हॉल्व्ह बंद व्हावा लागतो आणि वायू दुसऱ्या पाइपातून सुपरचार्जरच्या आधीच्या भागात जातो. एकाच पाइपावर कॅच कॅन बसवलं, तर दुसरी वाट उघडीच राहते. पीसीव्ही व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल, तर बूस्टचा दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो. शिवाय रूट्स पद्धतीच्या बहुतेक सुपरचार्जरच्या गिअरना स्वतःचं वेगळं तेल असतं. त्याचं सील गळतंय का, हेही पाहावं.

गैरसमज ७ : टर्बो जपायचा तर गाडी उभी असताना इंजिन चालूच ठेवावं.

वस्तुस्थिती : घाट चढून आल्यावर दोन-तीन मिनिटं आयडल ठेवून मग बंद करणं योग्यच आहे, नाहीतर तापलेल्या टर्बोतलं तेल जळून कोळसा होतं. पण तासन्‌तास आयडलवर ठेवलं, तर बूस्ट जवळजवळ नसतो, सीलला आधार देणारा हवेचा दाब राहत नाही आणि तेल हवेच्या बाजूला झिरपतं. गोदामाबाहेर रांगेत थांबायचं असेल तर इंजिन बंद करावं. डिझेलही वाचतं.

गैरसमज ८ : थोडं तेल गेलं तर जळून जातं, बिघडत काही नाही.

वस्तुस्थिती : टर्बोतून निघणारी दाबलेली हवा तापलेली असते. तिच्यातलं तेल टर्बोच्या घरात भाजून कडक थर बनतं. इंटरकूलरच्या आतल्या बाजूला तेल बसलं की हवा नीट थंड होत नाही, ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही घटतात. ईजीआर (धुराचा काही भाग परत आत नेणारी रचना) असलेल्या इंजिनात हे तेल काजळीत मिसळून मॅनिफोल्डमध्ये चिकट काळा गाळ होतो. रबरी होस तेलाने मऊ पडते, क्लॅम्पमधून सटकते. पेट्रोल इंजिनात तेलाच्या वाफेमुळे इंधनाची नॉकिंग रोखण्याची क्षमता कमी होते आणि बूस्टखाली ते धोक्याचं ठरतं.

सगळ्यात भयंकर धोका डिझेल इंजिनाचा बेलगाम वेग हा आहे. इंटरकूलरमध्ये बरंच तेल साचलं आणि ते एकदम ओढलं गेलं, तर इंजिन त्याच तेलावर पळू लागतं. किल्ली बंद करूनही थांबत नाही, कारण डिझेल बंद झालं तरी इंधन आतच असतं. अशा वेळी हाताने किंवा फडक्याने हवेचं तोंड झाकायला कुणीही जाऊ नये. गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडणं हा चालकाच्या हातातला उपाय आहे. तो साधला नाही तर सगळ्यांनी लांब व्हावं.

मग तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

स्वस्त आणि सोपं ते आधी :

१. तेलाची पातळी आणि ग्रेड.
२. एअर फिल्टर, त्याचा इंडिकेटर, सगळे क्लॅम्प.
३. ब्रीदर, त्याचा पाइप आणि विलगकाचा फिल्टर तुंबला आहे का.
४. टर्बोच्या आधी ओल आहे की नंतर.
५. टर्बोचा तेल परतीचा पाइप आतून मोकळा आहे का.
६. क्रँककेसचा दाब. तेल भरायचं झाकण उघडून वाफ पाहणं म्हणजे मोजमाप नव्हे, कारण चांगल्या डिझेल इंजिनातही तिथून थोडी वाफ येते. दाब मॅनोमीटरने मोजून कंपनीच्या आकड्याशी ताडावा.

दाब जास्त निघाला तरी लगेच रिंग-लायनरचं काम काढू नये. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर झिजला की त्याची दाबलेली हवा तेलाच्या वाटेने क्रँककेसमध्ये उतरते. झिजलेल्या टर्बोतूनही तसंच होतं. या दोन्ही शक्यता आधी वगळाव्यात.

दुरुस्तीनंतर इंटरकूलर आणि पाइप उतरवून आतून धुऊन पूर्ण कोरडे करावेत. नाहीतर आधी साचलेलं तेल पुढेही येत राहतं, बरी झालेली गाडी आजारी भासते, आणि आत राहिलेलं धुण्याचं द्रावण इंजिनात जातं.

यातलं बहुतेक काम साध्या हत्यारांनी, टर्बोच्या किमतीच्या लहानशा भागात होतं. चालकाने किती किलोमीटरमागे किती तेल टाकावं लागलं हे वहीत लिहून ठेवलं, तर मेकॅनिकचं निम्मं काम सोपं होतं. आणि मालकाने टर्बो बदलायला होकार देण्याआधी एकच आग्रह धरावा : तेल कोणत्या जागेपासून सुरू होतंय ते पाइप उघडून दाखवा, आणि क्रँककेसचा दाब मोजून दाखवा. चांगला मेकॅनिक हे आनंदाने दाखवेल, कारण एकदा केलेलं काम पुन्हा करायची वेळ त्यालाही नको असते.