मोकळ्या हवेतील प्रतिध्वनी
फिरत्या यंत्रमानवाचे अंतरज्ञान

माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी ऐकू येतो आणि त्याहून अधिक वारंवारतेच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. वटवाघळे या ध्वनीच्या साहाय्याने अंधारात वाट काढतात, हे डोनाल्ड ग्रिफिन यांनी १९३८ पासून केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. फिरत्या यंत्रमानवाचा श्राव्यातीत संवेदक याच तत्त्वावर चालतो. प्येर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत परिणाम, म्हणजे दाब पडल्यास काही स्फटिकांत विद्युतभार निर्माण होण्याचा गुण, शोधून काढला. हाच परिणाम उलट दिशेनेही घडत असल्यामुळे विद्युतदाब देताच संवेदकातील चकती कंप पावते आणि बहुधा ४०,००० हर्ट्झचा ध्वनी सोडते. तो वस्तूवर आदळून परतेपर्यंतचा वेळ मोजायचा, त्याला ध्वनीच्या वेगाने गुणायचे आणि जाण्यायेण्याचा प्रवास दुहेरी म्हणून निम्मे करायचे, एवढेच या मोजणीचे गणित आहे.

बंद खोलीत सरळ वाटणारे हे गणित उघड्यावर अवघड होते, कारण तेथे ध्वनीला वाहून नेणारी हवाच स्थिर नसते. हवेतील ध्वनीचा वेग शून्य अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमान एका अंशाने वाढले की तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. यंत्रात २० अंशांचा, म्हणजे ३४३ मीटरचा वेग कायम धरलेला असेल, तर ४० अंशांच्या उन्हात तीन मीटरवरची वस्तू सुमारे दहा सेंटिमीटर जवळ भासते. म्हणून उघड्यावरच्या संवेदकाला तापमापकाची जोड द्यावी लागते. वाऱ्याचे झोत ध्वनीला वाकवतात, आणि वेगाने बाहेर पडणाऱ्या दाबाखालील हवेच्या फुसकाऱ्यातही श्राव्यातीत ध्वनी असल्यामुळे तो खऱ्या प्रतिध्वनीत मिसळू शकतो.

पाऊस आणि धूळ यांपासून बचाव करण्यासाठी चकती बंद कवचात बसवली जाते. परंतु ध्वनी सोडणे आणि ऐकणे ही दोन्ही कामे तीच चकती करत असल्यास ध्वनी सोडल्यानंतर ती काही क्षण थरथरत राहते आणि तेवढ्यात परतलेला प्रतिध्वनी तिला ओळखता येत नाही. त्यामुळे अशा अनेक संवेदकांपुढचे सुमारे वीस सेंटिमीटर अंतर आंधळे राहते.

याहून सूक्ष्म अडचण परावर्तनाची आहे. ४०,००० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. ज्या पृष्ठभागावरचे उंचसखलपण याहून बरेच कमी असते, तो पृष्ठभाग या ध्वनीसाठी आरशासारखा ठरतो. म्हणून गुळगुळीत भिंत तिरकी असली की ध्वनी दुसरीकडे वळतो, तर गवत आणि पालवी त्याला शोषून आणि विखरून क्षीण करतात. प्रतिध्वनी आला नाही म्हणजे वाट मोकळी आहे, असे समजणे यंत्रमानवासाठी धोक्याचे आहे. शिवाय शेजारच्या संवेदकाचा ध्वनी आपला समजला जाऊ नये, म्हणून अनेक संवेदकांना आळीपाळीने बोलते करावे लागते.

तरीही या संवेदकाचे मोल कमी होत नाही, कारण पारदर्शक काच त्याला चुकत नाही, कडक उन्हाने तो दिपत नाही आणि त्याची किंमतही अल्प असते. १९७८ मध्ये पोलरॉइड कंपनीने कॅमेऱ्याच्या आपोआप केंद्रीकरणासाठी आणलेला ध्वनिसंवेदक पुढे यंत्रमानव-संशोधकांनी आपलासा केला. त्याचा झोत रुंद असल्याने वस्तू नेमकी कोठे आहे हे एका मोजणीवरून ठरत नसे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील हान्स मोरावेक आणि अल्बेर्टो एल्फेस यांनी १९८५ मध्ये त्यावर उपाय सुचवला: जागेचे लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक मोजणीनंतर एकेक चौकोन व्यापलेला असण्याची संभाव्यता वाढवायची किंवा घटवायची. एकेकटी संदिग्ध असलेली मोजमापे अनेक ठिकाणांहून जमली की नकाशा स्पष्ट होऊ लागतो. उघड्यावर काम करणाऱ्या यंत्रमानवाला या विचाराची सर्वाधिक गरज आहे. तेथे प्रत्येक प्रतिध्वनी ही एक साक्ष मानावी लागते, आणि निर्णय अनेक साक्षी तपासूनच घ्यावा लागतो.