सिंक झालंय, पण बॅकअप कुठंय?

आत्ता हे वाचताय, तेव्हा तुमच्या टीवायच्या प्रोजेक्टची फाइल नेमकी कुठे आहे? 'ड्राइव्हवर आहे ना!' एवढं उत्तर चालणार नाही. लॅपटॉपवर आणि ड्राइव्हवर अशी दोन्हीकडे आहे, की फक्त ड्राइव्हवर? आणि लॅपटॉपवरून चुकून उडाली, तर ड्राइव्हवर राहील का? हा शेवटचा प्रश्न मी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तर बराच वेळ नुसत्या ब्लू टिक दिसत राहिल्या. एरवी याच ग्रुपवर मिनिटाला चाळीस मेसेज पडतात.

बरं, आता आपल्यातले बरेच जण इंटर्नशिप, आर्टिकलशिप, पार्टटाइम जॉब असं काहीतरी करतायत. म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसतायत. तिथली फाइल आपल्या एकट्याची नसते. ती उडाली तर सबमिशनची तारीख वाढवून मागता येत नाही; कुणाचा तरी पगार, रिटर्न किंवा उद्याचं पान अडतं.

आणि हे फक्त आपल्यासारख्या नवशिक्यांचं होतं असं समजू नका. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. तंत्रज्ञानात आपण ज्यांच्याकडे तोंडात बोट घालून बघतो, तो देश. २०१८ पासून तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं होतं की, कामाच्या फाइल्स आपल्या पीसीवर ठेवू नका, सरकारच्या 'जी-ड्राइव्ह'वर ठेवा. प्रत्येकाला साधारण ३० जीबी जागा. सुरक्षित, नीटनेटकं, कुठूनही उघडता येणारं. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम सुरू असताना आग लागली. जी-ड्राइव्ह जळाला. त्यावर ८५८ टेराबाइट डेटा होता. आपल्या फुकटच्या १५ जीबीवाल्या जीमेल अकाउंटांच्या हिशेबात सांगायचं तर सुमारे ५७ हजार अकाउंटं ठासून भरतील एवढा. त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेही नव्हती. कारण काय दिलं? डेटा इतका मोठा होता की त्याचा बाहेर बॅकअप घेणं जमलं नाही! मग कर्मचारी काय करत बसले, तर कुणाच्या पीसीवर चुकून राहिलेल्या फाइल्स, ईमेलला जोडलेल्या प्रती आणि चक्क कागदावरचे प्रिंटआउट शोधत. ज्यांनी नियम तंतोतंत पाळला, त्यांचं सगळ्यात जास्त गेलं. मला या बातमीतला हा भाग सगळ्यात जास्त टोचला.

आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा आपण शाळेत होतो. त्यात माणसं गेली, आणि कागदी फाइल्सचे गठ्ठेच्या गठ्ठेही जळाले. त्यानंतर सगळीकडे एकच सूर होता: फाइल्स कॉम्प्युटरवर आणा. बरोबरच होतं ते. पण कोरियाची आग सांगते की कागद असो वा सर्व्हर, एकाच इमारतीत ठेवलेली एकच प्रत ही एकच प्रत असते.

आता मूळ घोळाकडे येऊ. सिंक आणि बॅकअप हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. सिंक म्हणजे आरसा. लॅपटॉपवर जे कराल ते क्लाउडवर दिसणार, क्लाउडवर जे कराल ते फोनवर दिसणार. फाइल सुधारली, सगळीकडे सुधारली. फाइल उडवली, सगळीकडून उडाली. फाइलमधले चार परिच्छेद चुकून पुसून सेव्ह केलं, तर ती पुसलेली फाइल तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचते. बॅकअप म्हणजे फोटो. काल संध्याकाळी सहा वाजता फाइल जशी होती तशी बाजूला काढून ठेवलेली प्रत. आज तुम्ही काहीही गोंधळ घाला, कालचा फोटो बदलत नाही.

हा घोळ कंपन्यांनीही वाढवून ठेवलाय, बरं का. विंडोजमध्ये वनड्राइव्ह तुमचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर क्लाउडवर न्यायला निघतं, तेव्हा बटणावर शब्द असतो 'बॅकअप'. प्रत्यक्षात होतं ते सिंक. उडवलेली फाइल कचरापेटीत मिळते म्हणा. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस असते. पण एप्रिलमध्ये उडालेली फाइल व्हायव्हाच्या आदल्या रात्री, म्हणजे जूनमध्ये आठवली, तर?

सगळ्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या असल्या की काय होतं, याची सगळ्यात भारी गोष्ट आपल्या उरणपर्यंत येऊन पोहोचते. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला आणि काही तासांत जगभर पसरला. डेन्मार्कची अवाढव्य शिपिंग कंपनी मर्स्क त्यात सापडली. आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीमधलं एक टर्मिनल याच समूहाचं. तिथेही कंटेनरचं काम अडलं. मर्स्कमध्ये कोण कर्मचारी, कुणाला कुठे प्रवेश, याचा सगळा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता, ते जगभर दीडशेच्या आसपास होते आणि सगळे एकमेकांशी सिंक होत होते. कल्पना अशी की एक बंद पडला तर बाकीचे आहेतच, तेच बॅकअप! पण सगळे एकाच वेळी गेले तर काय, याचा विचार झाला नव्हता. आणि सगळे एकाच वेळी गेले.

एक सोडून. पश्चिम आफ्रिकेत घानामधल्या त्यांच्या ऑफिसची वीज हल्ल्याच्या आधीच गेली होती. त्यामुळे तिथला सर्व्हर नेटवर्कवर नव्हताच, आणि तेवढाच वाचला. आपण लोडशेडिंगला इतक्या शिव्या देतो, तिथे लोडशेडिंगनेच कंपनी तारली! नेटचा स्पीड इतका कमी की तो डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात हार्ड डिस्क दिली आणि ती डिस्क लंडनला पोहोचली. अँडी ग्रीनबर्ग या पत्रकाराने २०१८ मध्ये हे सगळं खणून काढलं. (मास मीडियावाल्यांनो, तो लेख शोधून वाचाच. टेक्नॉलॉजीची बातमी इतकी थरारक लिहिता येते हे सिलॅबसमध्ये कुणी सांगत नाही.) पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसमध्ये आकडे सांगितले: ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी दहा दिवसांत नव्याने उभे केले.

आपली ऑफिसं एवढी मोठी नसतात. आपल्या ऑफिसात जास्त करून एक शेअर्ड फोल्डर असतो, त्यात 'फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल सरांचं करेक्शन', 'हेच फायनल' अशा चार फाइल्स असतात आणि कुठली खरी हे फक्त रजेवर गेलेल्या मॅडमना माहीत असतं. दोघांनी ऑफलाइन असताना एकाच फाइलवर काम केलं, की सिंकवालं सॉफ्टवेअर दोन्ही फाइल्स ठेवतं आणि एकीच्या नावापुढे कॉम्प्युटरचं नाव किंवा 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं शेपूट लावतं. ते शेपूट दिसलं की डिलीट मारू नका. आधी दोन्ही उघडून बघा. कुणाचं तरी दिवसभराचं काम त्यात असतं.

सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. टॅलीचा डेटा असलेला फोल्डरच उचलून ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये टाकायचा, म्हणजे आपोआप बॅकअप होईल, ही आयडिया दिसायला झकास आहे. पण टॅली चालू असताना त्या फाइल्स सतत लिहिल्या जात असतात. अर्धी लिहिलेली फाइल सिंकने उचलली तर जी प्रत जाते ती उघडेलच असं नाही, वर मूळ डेटाही बिघडू शकतो. टॅलीत बॅकअपची स्वतंत्र सोय दिलेली आहे. ती वापरायची आणि तयार झालेली प्रत हवी तिथे ठेवायची. आउटलुकच्या पीएसटी फाइल्सचंही तेच.

आणि मराठीत काम करणाऱ्यांचं दुखणं तर वेगळंच. डीटीपी सेंटर, छापखाने, काही सरकारी कार्यालयं इथे अजूनही श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत मजकूर पडलेला आहे. ती फाइल तुम्ही इमानेइतबारे पेन ड्राइव्हवर घेता, घरी उघडता, आणि समोर इंग्रजी अक्षरं-चिन्हांची खिचडी! फाइल शाबूत असते, फॉन्ट सोबत नसतो. म्हणून एकतर फॉन्टही सोबत ठेवा, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून एक प्रत आणि पीडीएफ अशी जोडी ठेवा. इनडिझाइनमध्ये पान लावणाऱ्यांनी 'पॅकेज' कमांड वापरायची. ती फोटो आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करून देते. प्रीमिअरवर एडिट करणाऱ्यांना तर सांगायलाच नको. प्रोजेक्टची फाइल म्हणजे नुसती रेसिपी असते, भाजी त्यात नसते. फुटेज दुसऱ्याच्या हार्ड डिस्कवर राहिलं की 'मीडिया ऑफलाइन'चा लाल पडदा ठरलेला.

असाच एक गनिमी सापळा गूगल डॉक्समध्ये आहे. कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं फोल्डर उघडलं की तुमचे डॉक्स तिथे फाइल्ससारखे दिसतात. तो फोल्डर कॉपी करून हार्ड डिस्कवर टाकला की आपण निश्चिंत. पण त्या फाइल्स म्हणजे नुसत्या लिंक असतात, मजकूर गूगलकडेच. अकाउंट बंद, तर लिंकही आंधळी. खरी प्रत हवी तर डाउनलोड करून वर्ड किंवा पीडीएफमध्ये घ्या, किंवा सगळं एकदम हवं असेल तर 'गूगल टेकआउट' वापरा. कॉलेजने दिलेल्या ईमेल आयडीवर तीन वर्षांचं काम ठेवलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचा, कारण पास झाल्यावर तो आयडी चालू ठेवायचा की नाही हे कॉलेज ठरवतं.

मग करायचं काय? पीटर क्रॉ या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. आपल्या भाषेत: लॅपटॉपवर एक, हार्ड डिस्कवर एक, क्लाउडवर एक. 'वेगळी जागा' या भागाची टर उडवू नका. 'टॉय स्टोरी २' बनत असताना, १९९८ मध्ये, पिक्सारमध्ये कुणीतरी एक चुकीची कमांड दिली आणि सर्व्हरवरून वुडीसकट सिनेमाच उडायला लागला. बॅकअप काढायला गेले, तर तोही धड नव्हता. गॅलिन सुझमन या टेक्निकल डायरेक्टरला नुकतंच बाळ झालं होतं, म्हणून ती घरून काम करत होती आणि सिनेमाची प्रत तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीत बाळासारखा ठेवून स्टुडिओत आणला!

पण इंटर्न म्हणून लगेच ऑफिसचा सगळा डेटा आपल्या पर्सनल ड्राइव्हवर ओढायला जाऊ नका. गॅलिन कंपनीच्या कामासाठी ती प्रत ठेवून होती. आपल्याला तशी परवानगी असतेच असं नाही. क्लायंटचे पॅन नंबर किंवा पेशंटचे रिपोर्ट आपल्या अकाउंटवर असणं हा वेगळाच ताप. पोर्टफोलिओसाठी काही हवं असेल तर सरळ विचारा: 'सर, माझ्या बायलाइनच्या कॉप्या घेऊ का?' उलट बाजूही आहे. ऑफिसची फाइल तुम्ही तुमच्या पर्सनल जीमेलवरून तयार केलीत, तर तिचे मालक तुम्ही. तुम्ही गेलात, ड्राइव्ह साफ केलात, की ऑफिसवाले लिंकवर क्लिक करत बसणार. शेवटच्या दिवशी केक कापण्याआधी मालकी बदलून द्या, किंवा फाइल्सची प्रत करून द्या.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम: बॅकअप उघडून बघणं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतल्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस उडाला. सुमारे ३०० जीबीतला जेमतेम साडेचार जीबी उरला. काळजी काय, बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या! एकही नीट चालत नव्हती. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या व्हर्जनच्या घोळामुळे कधीचा फेल होत होता, आणि तो फेल झाल्याचे ईमेल वाटेतच रिजेक्ट होत होते. शेवटी त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली एक प्रत कामी आली. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. मला तरी त्या इंजिनिअरपेक्षा त्या न पोहोचलेल्या ईमेलांचा जास्त राग येतो.

तेव्हा आज संध्याकाळी एवढंच करा. हार्ड डिस्क लावा, प्रोजेक्टचं फोल्डर तारखेचं नाव देऊन तिच्यावर कॉपी करा आणि काम झालं की केबल काढून ठेवा. लावलेलीच राहिली तर फाइल्स लॉक करणाऱ्या व्हायरसला तीही लॅपटॉपइतकीच जवळची. मग ती डिस्क रूममेटच्या लॅपटॉपला जोडून त्यातली एक फाइल उघडून बघा. फॉन्ट दिसतोय? फोटो जागेवर आहेत? नसतील, तर सबमिशनला अजून वेळ आहे.