नाव कळवा, पत्ता ऐरोलीचा

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या सीमेन्सच्या कारखान्याचे नाव ‘कळवा वर्क्स’, पत्ता मात्र ऐरोलीचा. ट्रकवाला कुठल्याही नावाने बरोबर पोचतो. संगणकाला ती दोन ठिकाणे वाटू शकतात. बहुराष्ट्रीय कंपनीत ईआरपी बसवताना निम्मी दमछाक अशा नावांपायीच होते.

ईआरपी म्हणजे खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री आणि हिशेब यांची एकच वही. गोदामात माल उतरल्याची नोंद झाली की त्याच क्षणी साठा वाढतो आणि खात्यातही आकडा पडतो. या क्षेत्रातले मोठे नाव सॅप. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी ही कंपनी १९७२ मध्ये जर्मनीत काढली. पहिले गिऱ्हाईक आयसीआय या रसायन कंपनीचा नायलॉन कारखाना; काम चाले ते गिऱ्हाइकाच्याच संगणकावर. स्वतःचा संगणक आला १९७९ मध्ये, आणि गंमत म्हणजे तोही सीमेन्सचा!

बहुराष्ट्रीय कंपनीत मुख्यालय अशा प्रणालीचा एक साचा ठरवते आणि तो देशोदेशी नेला जातो. त्याला ‘रोलआउट’ म्हणतात. पण प्रत्येक देशाचे काही ना काही वेगळे असतेच. सीमेन्सच्या जर्मन मुख्यालयाचे वर्ष ३० सप्टेंबरला संपते, आपल्या प्राप्तिकराचे ३१ मार्चला. म्हणजे एकच बिल दोन निरनिराळ्या वर्षांत मोजता आले पाहिजे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला: ऐरोलीहून पुण्याला माल विकला तर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर, सुरतेला विकला तर एकच आयजीएसटी. हे वेगळेपण साच्यात बसवावेच लागते, कारण तो कायदा आहे. ‘आमच्याकडे आधीपासून असंच चालतं’ हे मात्र कायदा नव्हे. लिडल या जर्मन दुकानसाखळीने मालाची किंमत खरेदीभावाने लावण्याची आपली रीत सोडली नाही. सॅपची तयार प्रणाली विक्रीभाव धरणारी होती. सात वर्षे आणि सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८ मध्ये लिडलचा सॅप बसवण्याचा प्रकल्प गुंडाळला गेला. मला तरी तो हट्ट फार महाग वाटतो.

ऐरोलीला ही कामे नवी नाहीत. इथले पटनी या सॉफ्टवेअर कंपनीचे संकुल २०११ मध्ये आयगेटकडे आणि २०१५ मध्ये कॅपजेमिनीकडे गेले. अशा प्रत्येक विलीनीकरणात कर्मचारी क्रमांकापासून पुरवठादारांपर्यंत सारे पुन्हा एका वहीत आणावे लागते.

खरी कसोटी ‘कटओव्हर’ची. शुक्रवारी संध्याकाळी जुनी प्रणाली बंद होते. शिल्लक, साठा, अर्धवट ऑर्डरी नव्या प्रणालीत उतरवून पैशापर्यंत ताळा जुळवायचा आणि सोमवारी गेट उघडायचे. शहाणे लोक याची दोन-तीनदा रंगीत तालीम करतात. तालमीत सर्वांत उपयोगी पडतो तो गोदामातला जुना माणूस. यादीत तीन कोडखाली पडलेले बेअरिंग एकच आहे, हे त्याला हातात घेताच कळते. त्याला बैठकीला बोलावायचे राहिले, तर सोमवारी पहिला ट्रक गेटवर उभा असतो आणि पडद्यावर साठा शून्य दिसतो.