एका अंशाची राखण

मोड आणून भट्टीत वाळवलेल्या सातूला माल्ट म्हणतात. हे माल्ट भरडून गरम पाण्यात सुमारे तासभर ठेवण्याच्या क्रियेला मॅशिंग असे नाव असून, दाण्यातील स्टार्चचे साखरेत रूपांतर करणे हे तिचे काम असते. रूपांतर घडवून आणणारी विकरे माल्टमध्येच असतात आणि तापमानाच्या बाबतीत ती विलक्षण हळवी असतात. बीटा-अमायलेज हे विकर ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उत्तम चालते आणि स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज ही यीस्टला सहज पचणारी साखर सुटी करत जाते. अल्फा-अमायलेज ७० अंशांच्या आसपास जोमात येते आणि साखळी मध्येच कुठेही तोडते, त्यामुळे यीस्टला न पचणारे मोठे तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, द्रवात शिल्लक राहतात. म्हणूनच ६४ अंशांवर मॅश केलेली बिअर हलकी आणि कोरडी होते, तर त्याच माल्टची ६९ अंशांवर केलेली बिअर जिभेला भरदार लागते. घरच्या घरी बिअर बनवणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत जी तापमान-नियंत्रित यंत्रे स्वतःच्या हातांनी उभी केली, त्यांचा सारा खटाटोप या चार-पाच अंशांसाठी आहे.

तापमान मोजण्याचे साधन नव्हते तेव्हाही हा प्रश्न होताच. मध्य युरोपात मॅशचा काही भाग बाजूला काढून उकळायचा आणि तो मूळ पिंपात परत ओतून सगळ्याचे तापमान एका पायरीने चढवायचे, अशी डिकॉक्शनची रीत रुळली होती. उकळत्या मॅशचे प्रमाण ठरलेले असले की चढणारी पायरीही जवळपास ठरलेली असे, ही त्या रीतीमागची खरी हुशारी. इंग्लंडमध्ये मायकेल कॉम्ब्रुन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास या व्यवसायात तापमापक वापरण्याचा आग्रह धरला, आणि १८३३ मध्ये पायां व पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टच्या अर्कातून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा करून त्याला डायास्टेज असे नाव दिले. पुढे मोठ्या ब्रुअरींमध्ये वाफेचे आवरण असलेली, ढवळण्याची यंत्रणा बसवलेली पात्रे आली आणि मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने संपूर्ण मॅश तापवणे नित्याचे झाले.

घरगुती यंत्रांचा इतिहास मात्र मुख्यतः अमेरिकेत घडला. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढली होती. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने, एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत, स्वतःपुरती बिअर करण्यावरचा संघीय कर उठला. त्याच वर्षी कोलोरॅडोतील बोल्डर येथे चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅटझेन यांनी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशनची स्थापना केली आणि ‘झायमर्जी’ हे तिचे नियतकालिक सुरू झाले. सुरुवातीचे बहुतेक हौशी लोक डब्यातल्या तयार माल्ट-अर्कावर काम भागवत. भरड माल्टकडे वळलेल्यांनी सहलीला नेण्याच्या उष्णतारोधक खोक्याचे मॅश-पात्र केले आणि त्याच्या तळाशी जाळी बसवली. पाणी किती तापवून ओतायचे, याचे साधे गणित त्यांच्या हाती होते: वजनाला वजन धरल्यास माल्टला तापायला पाण्याच्या सुमारे चार दशांश उष्णता लागते, म्हणून २५ अंशांवरच्या ५ किलो माल्टवर १५ लिटर पाणी ओतून ६७ अंश गाठायचे असतील तर पाणी साधारण ७३ अंशांचे असावे लागते. तासाभरात असे खोके एखाद-दुसरा अंश गमावते, आणि एकाच तापमानावर होणाऱ्या मॅशला तेवढे चालते. अडचण पुढे येते. पात्र गार असेल, अंदाज चुकला असेल किंवा ५०, ६३, ७२ आणि ७७ अंश अशा पायऱ्या चढायच्या असतील, तर खोक्याला तापवता येत नाही. धातूचे पातेले शेगडीवर ठेवले तर तळचा थर पिठल्यासारखा लागतो आणि वरचा थर मागेच राहतो.

या कोंडीवर रॉडनी मॉरिस यांनी जो तोडगा काढला आणि १९८८ मध्ये ‘झायमर्जी’त मांडला, तो रिम्स या लघुनावाने ओळखला जातो. मॅश जागेवर ठेवायचा आणि त्यातला द्रव फिरवायचा, ही त्यातील मूळ कल्पना. माल्टपासून निघणाऱ्या या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. जाळीखालून वर्ट पंपाने ओढला जातो, विजेचे हीटिंग एलिमेंट बसवलेल्या नळीतून जातो आणि मॅशच्या पृष्ठभागावर हलकेच परत सोडला जातो. नळीजवळचा संवेदक तापमान वाचतो आणि नियंत्रक त्यानुसार एलिमेंटची वीज चालू-बंद करतो. भरडलेल्या दाण्यांचा थर स्वतःच गाळणी बनत असल्यामुळे फिरणारा वर्ट हळूहळू नितळ होत जातो, आणि ढवळण्याची गरज उरत नाही. सूत्र इतके साधे आहे की वॉटर हीटरचे सुटे एलिमेंट, तांब्याची नळी आणि छोटा पंप एवढ्यावर ते उभे राहू शकते, आणि म्हणूनच ते शेकडो गॅरेजांमध्ये पोहोचले.

साधेपणा मात्र कागदावरचा आहे. २० लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ८४ किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे दीड किलोवॉटचे एलिमेंट मिनिटाच्या आत ते काम करते. प्रश्न शक्तीचा नसून ती किती पृष्ठभागावर वाटली गेली आहे याचा असतो. छोट्या पृष्ठभागावर जास्त वीज ओतली की एलिमेंटला चिकटलेला वर्ट करपतो आणि सगळ्या बिअरला जळका वास लागतो. यावर अमेरिकेतील हौशी मंडळींनी शोधलेली युक्ती खरोखर सुंदर आहे. तिथे घरात २४० आणि १२० व्होल्ट असे दोन्ही दाब मिळतात, आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने २४० व्होल्टसाठी बनवलेले ४५०० वॉटचे लांब, दुमडलेले एलिमेंट १२० व्होल्टवर चालवले की ते फक्त ११२५ वॉट देते. पृष्ठभाग तेवढाच, उष्णता चतुर्थांश.

संवेदक कुठे बसवायचा, हा दुसरा आणि अधिक खोल प्रश्न. तो माल्टच्या थरात खोचला तर तापलेला वर्ट तिथवर झिरपायला काही मिनिटे लागतात, नियंत्रक तोवर एलिमेंट चालूच ठेवतो आणि नळीतला वर्ट ७५-८० अंशांवर जाऊन त्यातले बीटा-अमायलेज पाहता पाहता नष्ट होते. विकरे द्रवात विरघळलेली असतात आणि द्रवाबरोबर नळीतून फिरतात, त्यामुळे नळीतील एका क्षणाची चूक थरातल्या सरासरी तापमानात दिसत नाही, तरी साखरेच्या घडणीत उतरते. म्हणून संवेदक एलिमेंटमधून बाहेर पडणाऱ्या प्रवाहात हवा. मॅशच्या थराला इष्ट तापमान उशिरा मिळाले तरी चालेल, पण वर्टच्या कोणत्याही थेंबाने मर्यादा ओलांडता कामा नये. नियंत्रकासाठी पीआयडी ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. इष्ट आणि प्रत्यक्ष तापमानातला फरक आत्ता किती आहे, आजवर किती साचला आहे आणि तो किती वेगाने बदलतो आहे, अशा प्रमाण, संकलन आणि विकलन या तिन्हींचा ती विचार करते. निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूसाठी तिची गणिती मांडणी केली होती. पुढे अर्डुइनो आणि रास्पबेरी पायसारखी स्वस्त संगणक-पट्टिका आणि डीएस१८बी२० सारखे अर्ध्या अंशापर्यंत अचूक संवेदक आले, तेव्हा नियंत्रक घरी लिहिणेही सोपे झाले.

तरीही यंत्राचे यश या पडद्यावरच्या आकड्यांपेक्षा प्रवाहावर ठरते, आणि नवशिक्यांचे लक्ष नेमके तिथे कमी असते. पंपाने जास्त ओढले की दाण्यांचा थर जाळीवर दाबला जाऊन घट्ट बसतो, वर्ट वाहायचा थांबतो, आणि एलिमेंट चालूच असेल तर अडकलेला वर्ट नळीत उकळून करपतो. म्हणून भरड फार बारीक नसावी, सुरुवातीला प्रवाह मंद ठेवावा, गरज पडल्यास भाताचा तूस मिसळून थर मोकळा करावा, आणि मुख्य म्हणजे प्रवाह थांबताच वीज तोडणारी कळ बसवावी. या यंत्रांत वापरले जाणारे चुंबकीय जोडणीचे पंप स्वतःहून द्रव ओढून घेऊ शकत नाहीत, त्यामुळे पंप पात्राच्या खालच्या पातळीवर ठेवावा लागतो. प्रवाह कमी करायचा तर झडप पंपाच्या पुढच्या बाजूला आवळायची, मागच्या नव्हे. पाणी आणि वीज इतक्या जवळ नांदत असताना गळतीरोधक स्विच ही ऐच्छिक गोष्ट राहत नाही, आणि सगळे धातूचे भाग अर्थिंगला जोडलेलेच हवेत.

करपण्याची भीती मुळातूनच घालवण्यासाठी हर्म्स हा प्रकार निघाला. त्यात एलिमेंट फक्त साध्या पाण्याच्या टाकीत असते आणि वर्ट त्या पाण्यात बुडालेल्या, बहुधा १५ मीटरच्या आसपास लांबीच्या, तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या वेटोळ्यातून फिरतो. टाकीतल्या पाण्यापेक्षा जास्त तो तापूच शकत नाही. पायऱ्या चढायला वेळ अधिक लागतो, एक टाकी वाढते, पण वर्ट आणि विकरे दोन्ही सुरक्षित राहतात. चव हाच निकष असेल तर रिम्सच्या वेगापेक्षा हर्म्सचा हा संथपणा अधिक मोलाचा ठरतो. ज्यांना हे सगळे स्वतः जोडायचे नव्हते त्यांच्यासाठी जर्मनीतील श्पायडेल कंपनीच्या ब्राउमाइस्टरसारख्या तयार यंत्रांनी मॅश, पंप आणि एलिमेंट एकाच पात्रात आणले.

आजचे माल्ट कारखान्यातच इतके चांगले तयार होऊन येते की बहुतेक प्रकारांना एकच तापमान पुरते, आणि त्या अर्थी साधे खोके अजूनही कालबाह्य झालेले नाही. पायऱ्यांचा मॅश खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो गव्हाच्या बिअरसाठी, कमी मोड आलेल्या माल्टसाठी, किंवा आज केलेली बिअर सहा महिन्यांनी तशीच्या तशी पुन्हा करायची असेल तेव्हा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा असल्याने घरी बिअर करण्यासाठी असे यंत्र चालवता येत नाही. ही तत्त्वे इथे लागू पडतात ती परवानाधारक मायक्रोब्रुअरींच्या छोट्या चाचणी-संचांना, जिथे नवी पाककृती मोठ्या टाकीत घालण्याआधी वीस-तीस लिटरांत पारखता येते. अशा संचात काम संपल्यावर त्याच पंपाने गरम धुण्याचे द्रावण त्याच नळीतून आणि वेटोळ्यातून फिरवावे लागते, कारण एलिमेंटवर वाळलेला गेल्या खेपेचा वर्ट पुढच्या खेपेत सर्वांत आधी करपतो.